बदकाचं मांस खारवताना आणि साठवताना: खवटपणापासून ते कसं वाचवायचं

मीठ लावून सुकवलेलं बदकाचं मांस नीट केलं असेल तर सहसा सडत नाही. ते खवट होतं. बकऱ्याच्या मांसावर हात बसलेल्या माणसाची इथेच फसगत होते. तो बुरशीवर आणि कुजण्यावर डोळा ठेवून बसतो, आणि तोवर चरबीतून जुन्या खोबऱ्यासारखा वास यायला लागलेला असतो. म्हणून या लेखात सुकवण्याइतकाच भर साठवणीवर दिला आहे. सुकवताना पाण्याशी झुंजायचं असतं, साठवताना हवेशी आणि उजेडाशी.

कारण चरबीतच आहे. मटणाचा रस्सा थंडीत ठेवला की वर पांढरी कडक साय धरते, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. बदकाची चरबी तशी कडक होत नाही. पुण्या-मुंबईच्या साध्या हवेत ती मऊ, जवळपास वाहती राहते. मटणाच्या चरबीत जवळपास निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो, बदकाच्या चरबीत तो साधारण एक तृतीयांश. बाकीचा असंपृक्त मेद हवेतल्या प्राणवायूशी चटकन जुळतो आणि त्यातूनच खवट वास जन्मतो. त्यात मीठ या क्रियेला आवरत नाही, उलट वेग देतं. जे मीठ जंतूंपासून वाचवतं, तेच चरबीला लवकर म्हातारी करतं, हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढची प्रत्येक पायरी वाचा.

कोणतं मांस, आणि कोणतं नाही

हा पदार्थ मुळात फ्रान्सच्या नैऋत्येकडचा, गास्कोनी भागातला. तिथे बदकाच्या छातीच्या तुकड्याला 'माग्रे' म्हणतात. तो यकृतासाठी, म्हणजे फ्वा ग्रासाठी, मुद्दाम पोसलेल्या बदकाचा असतो, आणि ते बदक बहुधा मस्कव्ही नर आणि पेकिन जातीची मादी यांच्या संकरातलं. ओश या गावचे शेफ आंद्रे दागँ यांनी 1959 च्या सुमारास हा तुकडा गोमांसाच्या स्टेकसारखा, आतून गुलाबी ठेवून वाढायला सुरुवात केली आणि त्याची कीर्ती झाली. सुकवलेलं माग्रे मात्र तिकडे कच्चंच, पातळ कापून खातात.

फ्वा ग्राची आयात भारताने 2014 साली बंद केली. त्यामुळे खरं माग्रे इथे शोधत बसू नका. गोठवलेली पेकिन किंवा मस्कव्ही बदकाची छाती मिळाली तर ती घ्या. मस्कव्ही मला जास्त आवडतं. मांस गडद, चरबी कमी, आणि नराचा तुकडा 300 ते 400 ग्रॅमचा निघतो. केरळच्या कुट्टनाड भागातली चारा आणि चेंबल्ली बदकं चवीला उत्तम, पण छाती लहान. ती लवकर सुकते आणि जरा दुर्लक्ष झालं की चामडं होते.

कोंबडीची छाती अशी कच्ची सुकवून खाऊ नका. कोंबडीच्या कच्च्या मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा धोका मोठा असतो, आणि घरच्या साधनांनी ते गेले याची खात्री करता येत नाही. बदकही पक्षीच आहे, त्यातही साल्मोनेला असू शकतो. म्हणून माझ्या घरचा नियम सांगते. गरोदर बाई, लहान मूल, सत्तरीपुढचं माणूस किंवा कुठल्याही आजाराने प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस ताटावर असेल, तर हे मांस तव्यावर पूर्ण शिजवूनच वाढायचं. पाहुण्यांना न विचारता कच्चं वाढायचं नाही.

शिजवून खाणं म्हणजे काही कमीपणा नाही. चीनमध्ये नानजिंगचं 'बान्या' नावाचं बदक खारवून, दाबून, हिवाळ्यात सुकवतात आणि शिजवूनच खातात. आपल्याकडेही मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या असोत की कोळीवाड्यातले सुके बोंबील, चूल लागल्याशिवाय ते ताटात येत नाहीत. फक्त एक गोष्ट त्यातून उचलू नका: ऊन. आपलं ऊन पातळ पट्टी पटकन कोरडी करतं. चरबीचा थर असलेला बदकाचा जाड तुकडा उन्हात ठेवला तर आत जंतू वाढतात आणि बाहेर चरबी वितळून खवट होते.

विकत घेताना पाकिटावरची पॅकिंगची तारीख पाहा. आठ-दहा महिने गोठवून ठेवलेल्या तुकड्याच्या चरबीचं आयुष्य तिथेच बरंचसं सरलेलं असतं. चरबी पांढरट किंवा फिकट मलईच्या रंगाची हवी. पिवळट कडा, कोरडे पांढुरके डाग किंवा पाकिटात बर्फाचा भुगा दिसला तर तो तुकडा रश्शाला वापरा, खारवायला नको.

मीठ, आणि ते दुसरं मीठ

दोन वजनकाटे लागतात. एक नेहमीचा स्वयंपाकाचा, दुसरा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुसरा नसेल तर हे काम सुरूच करू नका.

साधं पांढरं बारीक मीठ चालतं, आयोडीनयुक्तही चालतं. लोह घातलेलं मीठ मात्र टाळा. लोह चरबीच्या खवटपणाला हात देतं. खडेमीठ घरी कुटून वापरायचा मोह होतो, पण त्यातल्या इतर क्षारांमुळे कडवटपणा येऊ शकतो.

दुसरं मीठ म्हणजे क्युअरिंग सॉल्ट नंबर 1, ज्याला प्राग पावडरही म्हणतात. त्यात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. ते बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला रोखतं, रंग गुलाबी राखतं आणि चरबीचा खवटपणाही लांबवतं. बदकासाठी हा तिसरा गुण सोन्यासारखा. साध्या मिठापासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो, आणि त्यातूनच आपल्याकडे एक धोका उभा राहतो: घरात सैंधव असतं, तेही गुलाबी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. क्युअरिंग सॉल्ट जेवणात पडलं तर विषबाधा होऊ शकते. मी त्याच्या बरणीवर लाल चिकटपट्टी लावून ती मसाल्यांपासून लांब, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंच कपाटात ठेवते. बाजारात सुटा मिळणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याऐवजी घालू नका. त्याची शुद्धता कळत नाही आणि मात्राही सांभाळता येत नाही.

आता हिशेब. समजा तुकडा 360 ग्रॅमचा आहे. साधं मीठ 3 टक्के, म्हणजे 10.8 ग्रॅम. क्युअरिंग सॉल्ट 0.25 टक्के, म्हणजे 0.9 ग्रॅम. साखर 1 टक्का, 3.6 ग्रॅम, फक्त मिठाची धार बोथट करायला. 0.9 ग्रॅम क्युअरिंग सॉल्टमधून सुमारे 56 मिलिग्रॅम नायट्राइट जातं, म्हणजे किलोमागे 156 मिलिग्रॅम. हे प्रमाण अंदाजाने वाढवायचं नाही, चमच्याने मोजायचं नाही. मिरे, थोडी लवंग आणि एखादं तमालपत्र भरडून घाला.

खारवणं: सात दिवस

गोठवलेला तुकडा फ्रीजमध्येच हळूहळू सुटू द्या. नळाखाली धुऊ नका. कोंबडी-बदक धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर, भाजीवर, भांड्यांवर जातात. कागदी रुमालाने टिपून कोरडा करा. पाट आणि सुरी वेगळी ठेवा, काम झाल्यावर साबणाने आणि कढत पाण्याने घासा.

कातडीच्या बाजूला सुरीने उथळ तिरक्या चिरा द्या. चरबीपर्यंतच, मांसाला लागू नयेत. लोंबणारे पापुद्रे आणि रक्ताच्या गाठी कापून टाका, पुढे बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

सगळं मीठ-मसाला तुकड्याला चोळा, दोन तृतीयांश मांसाच्या बाजूला, उरलेला कातडीला. जाड झिपवाल्या पिशवीत घालून शक्य तेवढी हवा दाबून काढा. व्हॅक्युम मशीन असेल तर उत्तम. पिशवीत सांडलेलं मीठही तिथेच राहू द्या, कारण ते मोजून घातलेलं आहे. फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, 4 अंशांच्या आत, सात दिवस ठेवा. रोज एकदा पिशवी उलटायची. दुसऱ्या दिवशी तळाला पातळ लाल पाणी दिसेल. ते फेकू नका, मीठ त्यातूनच आत जातं.

मीठ मोजून घालण्याचा फायदा असा, की एक-दोन दिवस उशीर झाला तरी मांस खारट होत नाही. मिठाच्या ढिगात पुरून ठेवायची जुनी पद्धत दिसायला सोपी आहे, पण बदकाचा तुकडा पातळ असल्याने काही तासांच्या फरकानेही तो खारट ढोण होतो.

सातव्या दिवशी तुकडा बोटाने दाबा. आधी तो कच्च्या मांसासारखा लिबलिबीत होता, आता जाड भागातही रबरासारखा टणक लागायला हवा. मध्यभाग अजून मऊ असेल तर आणखी दोन दिवस द्या.

सुकवणं: डोळ्यावर नाही, काट्यावर

तुकडा बाहेर काढून टिपा, मलमलीच्या एका पदरात गुंडाळा, सुतळीने बांधा, आणि वजन करा. हे वजन, तारीख आणि अपेक्षित अखेरचं वजन चिठ्ठीवर लिहून सुतळीलाच बांधा. समजा आता वजन 350 ग्रॅम आहे. 35 टक्के घट म्हणजे 122 ग्रॅम, तेव्हा लक्ष्य 228 ग्रॅम.

पण चरबीत पाणी जवळपास नसतंच, हे इथे विसरू नका. जाड चरबीच्या तुकड्यात एकूण 30 टक्के घट झाली तरी मांसाच्या भागातलं बरंच पाणी गेलेलं असतं. बारीक चरबीच्या मस्कव्हीला मात्र 35 ते 38 टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. एकच आकडा सगळ्या बदकांना लावला की कुणीतरी कच्चं राहतं.

माझा पहिला तुकडा याच टप्प्यावर गेला. मी तो उघडाच, फ्रीजच्या पंख्यासमोरच्या जाळीवर ठेवला होता. आठव्या दिवशी बाहेरून इतका टणक की बोटाने वाजवला तर टकटक आवाज यायचा. झाला, असं वाटून कापला. कडेला चार मिलिमीटरची काळपट, खजुरासारखी चिवट कड, आणि आत काळजाच्या तुकड्यासारखं ओलसर, चकचकीत मांस. वजन घटलं होतं फक्त 22 टक्के. बाहेरचा थर इतक्या लवकर सुकला होता की आतल्या पाण्याची वाटच बंद झाली होती.

आपल्या नो-फ्रॉस्ट फ्रीजमधली हवा फार कोरडी असते, म्हणून उघडं ठेवून चालत नाही. हवी ती आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास. त्याला मिठाचाच उपाय आहे, आणि तो मला फार आवडतो. एका मोठ्या डब्याच्या तळाला वाटीभर मीठ ठेवा आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी त्यावर शिंपडा. बंद जागेत असं ओलं मीठ हवेची आर्द्रता आपोआप 75 टक्क्यांजवळ धरून ठेवतं. वर जाळी, जाळीवर मलमलीतला तुकडा, कातडी खाली आणि मांस वर, कारण पाणी मांसाच्या बाजूनेच बाहेर पडतं, कातडी ते अडवते. झाकण लावा, डबा फ्रीजमध्ये ठेवा, रोज एकदा उघडून दोन मिनिटं हवा बदला. मांसातून निघालेलं पाणी मीठ शोषून घेतं. ते पूर्ण विरघळून नुसतं खारं पाणी उरलं, तर नवीन मीठ घाला. तळाशी मिठाचे खडे दिसत राहिले पाहिजेत.

एका तुकड्याला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. 12-13 अंशांवर चालणारा वाइन कूलर असेल तर लवकर होतं, पण घरी पहिल्यांदा करताना मी फ्रीजच सुचवेन. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे पावसाळ्यात ओट्यावर किंवा खिडकीत टांगायचा विचारही मनात आणू नका.

आठवड्याला एकदा वजन घ्या. पांढरी, पिठासारखी बारीक बुरशी दिसली तर व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा. हिरवी, काळी, नारिंगी किंवा लव आलेली बुरशी दिसली तर तुकडा टाकून द्या, तेवढाच भाग कापून वाचवू नका. कधी पृष्ठभागावर कडक पांढरे कण दिसतात. ओल्या बोटाने विरघळले तर ते मीठ आहे, घाबरण्याचं कारण नाही.

झालं की नाही, हे बरणीत तपासा

वजन अंदाज देतं. जंतूंना मात्र वजनाशी देणंघेणं नसतं, त्यांना मोकळं पाणी किती उरलं याच्याशी असतं. शास्त्रात त्याला जलक्रियता म्हणतात, शुद्ध पाण्याची 1. साल्मोनेला 0.94 च्या आसपास थांबतो. थंडीतही वाढणारा लिस्टेरिया 0.92 च्या खाली. स्टॅफिलोकॉकस सगळ्यात चिवट, त्याच्यासाठी 0.85 च्या खाली जावं लागतं. थांबणं म्हणजे वाढ थांबणं. आधीपासून असलेले जंतू त्याने मरतातच असं नाही, म्हणून वरचा शिजवण्याचा नियम कायम राहतो.

घरी याचा अंदाज एका लहान डिजिटल आर्द्रतामापकाने घेता येतो. आधी तो ओल्या मिठाबरोबर बंद बरणीत रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. 71 दाखवलं, तर पुढच्या प्रत्येक आकड्यात 4 मिळवायचे. मग तुकड्याच्या मधल्या भागाचे चार पातळ काप मापकासह छोट्या बरणीत घट्ट बंद करा आणि तीन-चार तासांनी आकडा वाचा. 90 म्हणजे जलक्रियता सुमारे 0.90. स्वस्त मापक वरच्या आकड्यांना तीन-चार अंकांनी चुकतात, म्हणून मी 88 च्या आत आल्याशिवाय सुकवणं थांबवत नाही. तपासणीचे काप खाऊ नका.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घरचा तुकडा 35 टक्के हलका झाला तरी 0.85 पर्यंत बहुधा पोचत नाही. 'सुकं आहे, बाहेर टिकेल' हे सुक्या बोंबलाचं तर्कशास्त्र इथे लागू होत नाही. हा तुकडा फ्रीजमध्येच राहणार.

साठवण

लक्ष्य गाठलं की मलमल काढा, टिपा आणि अख्खा तुकडा व्हॅक्युम पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. कड थोडी कडक झाली असेल तर आतला ओलावा या काळात बाहेरपर्यंत पसरतो आणि काप एकसारखा निघतो. घाई करून लगेच कापणाऱ्यांना हा फरक कधी कळत नाही.

साठवायचं ते अख्खं. काप केले की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. बंद व्हॅक्युम पिशवीत, 4 अंशांच्या आत, अंधारात, दोन महिने चव उत्तम राहते. पिशवी उघडल्यावर बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून वर फॉइल, आणि दोन आठवड्यांत संपवा. कापलेले काप चार दिवसांच्या आत. फ्रीजच्या दारात ठेवू नका, प्रत्येक उघडझापीला तिथलं तापमान वर जातं. चरबी वास पटकन धरते, म्हणून ओल्या मासळीपासून आणि चिरलेल्या कांद्यापासून लांब.

डीप फ्रीजर म्हणजे अमरपट्टा नाही. उणे 18 अंशांवर जंतू वाढत नाहीत, पण खारवलेल्या चरबीचा खवटपणा तिथेही हळूहळू चालूच राहतो. तीन महिन्यांच्या आत बाहेर काढा.

उजेडाचा धडा मला एका दिवाळीत मिळाला. तुकडा छान जमला होता, 34 टक्के घट, काप माणकासारखा. तो मी पारदर्शक डब्यात, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, दिव्याखाली ठेवला. घरात माणसं जास्त, दार दिवसाला पन्नासदा उघडायचं. पाचव्या आठवड्यात डबा उघडला तर मांसाची कड राखाडी, चरबी पिवळसर, आणि वास गेल्या वर्षीच्या करंजीच्या सारणासारखा. त्याच दिवशी केलेला जोडीचा दुसरा तुकडा काळ्या पिशवीत, खालच्या कप्प्यात होता. तो अजून गोड वास देत होता. तेच बदक आणि तेच मीठ, फरक होता फक्त हवेचा आणि उजेडाचा.

खवटपणा लवकर ओळखायचा असेल तर थंड तुकडा नुसता हुंगून उपयोग नाही, थंडीत वास दबतो. वाटाण्याएवढी चरबी कापून अंगठा आणि तर्जनीत अर्धा मिनिट चोळा. ती वितळून बोटांवर तेलासारखी पसरली की वास घ्या. बदाम, लोणी, किंचित गोडसर असं काही आलं तर ठीक. जुनं जवसाचं तेल, रंगाचा डबा, खवट शेंगदाणा असं आठवलं तर चरबी गेली. सुरुवातीलाच पकडलं असेल आणि वास फक्त वरच्या थराला असेल, तर मी चरबी पूर्ण काढून आतलं मांस शिजवून वापरते. वास मांसातही उतरला असेल तर टाकते.

आंबूस किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास, बोटाला तार धरणारा चिकटा, किंवा फुगलेली पिशवी ही वेगळी लक्षणं आहेत. तो जंतूंचा बिघाड. तिथे चाखून बघणं, धुणं, शिजवणं काही नाही, सरळ बाहेर. घरी वीज सहा-सात तास गेली आणि फ्रीजमधलं लोणी मऊ झालं असेल, तर सुकवण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतला तुकडाही मी ठेवत नाही, तेव्हा त्यात पाणी अजून भरपूर असतं.

काप करताना तुकडा फ्रीजमधून काढल्या काढल्या, धारदार सुरीने, धाग्यांना आडवे आणि कागदासारखे पातळ करा. ताटात दहा मिनिटं ठेवले की चरबी चकाकायला लागते, चव तेव्हा खुलते. शेवटचं टोक नेहमी कडक आणि जास्त खारट निघतं. ते बारीक चिरून मसुराच्या उसळीत फोडणीलाच घाला, दोन चमचे चरबी आपोआप सुटते, आणि उसळीत वरून मीठ घालण्याआधी एकदा चाखून बघा.